मधलं धरण

[पहाटेचं दृश्य. सिंहगडाच्या उतारावरून दिसणारं पाणी. कॅमेरा हळूहळू भिंतीकडे.]

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याला गेलात, तर धरण शेवटी दिसतं. आधी दिसतात उभ्या दुचाक्या, मग भज्यांच्या कढया, मग कणसं. निखाऱ्यावर पुठ्ठ्याने वारा घालायचा, कणीस फिरवत राहायचं, दाणे तडतडायला लागले की अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून वरून खालपर्यंत चोळायचं. ते हातात पडलं की माणूस पाण्याकडे तोंड करून उभा राहतो. ज्या भिंतीने हे पाणी अडवलंय, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

आज आपण भिंतीकडे बघूया.

[भिंतीचे दगड, जवळून.]

हे पुण्याच्या नैर्ऋत्येला, शहरापासून वीसेक किलोमीटरवर, मुठा नदीवरचं धरण. एकोणिसाव्या शतकात पुणे वाढत होतं. पेशवाईत कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पाणी आणून हौद भरायची सोय झाली होती, पण ती पेठांपुरती. इंग्रजांना छावणीसाठी पाणी हवं होतं, आणि पुण्याच्या पूर्वेला, जिथे पावसाचा भरवसा नाही, तिथल्या शेतीसाठीही. कर्नल फाईफ नावाच्या लष्करी इंजिनिअरने ही योजना आखली. १८६०च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झालं आणि दहाएक वर्षं चाललं. तलावाला त्यांचंच नाव मिळालं, ‘लेक फाईफ’. ते कागदावर राहिलं. लोकांनी गावाचं नाव सोडलं नाही.

या बांधकामात सिमेंट नव्हतं. काळा दगड आणि चुना, एवढ्यावर जवळजवळ मैलभर लांबीची भिंत उभी राहिली. पायापासून मोजली तर उंची सुमारे तेहतीस मीटर. भिंतीला जोर यावा म्हणून तिच्या खालच्या अंगाला मातीचा भराव घातला होता. त्या काळी एवढ्या उंचीच्या दगडी धरणांचा अनुभव जगातच थोडा होता, तेव्हा ही धाकधूक समजण्यासारखी आहे.

इथून दोन कालवे निघाले. डावा खडकीच्या दिशेने गेला. उजवा पुण्यातून हडपसर, लोणी ओलांडून पार दौंड तालुक्यात पाटसपर्यंत. पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ‘कॅनॉल’ म्हणून माहीत असलेला तो हाच. मांजरी-लोणीकडचा ऊस आणि पुण्याचा नळ, दोघांची तहान एकाच पाटावर आली. ते भांडण आजही मिटलेलं नाही. दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत ते नव्याने निघतं.

[जुन्या दरवाजांचं रेखाचित्र.]

आता एका तरुण इंजिनिअरची गोष्ट. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि मुंबई सरकारच्या नोकरीत लागले. पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट पाणी नुसतं वाहून जायचं. ते अडवायचं तर भिंत उंच करावी लागणार, आणि भिंत उंच केली तर पुराचा दाब वाढणार. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हातच लावला नाही. सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. तोलाला वजनं लावलेली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे उघडायचे, पूर ओसरला की मिटायचे. रात्री-अपरात्री कुणी धावत जायला नको. १९०३ साली ते इथे बसले आणि त्याच भिंतीमागे आणखी काही फूट पाणी साठू लागलं. पुढे असे दरवाजे ग्वाल्हेरजवळ तिगऱ्याच्या आणि म्हैसूरला कृष्णराजसागरच्या धरणावरही गेले. विश्वेश्वरय्या म्हटलं की आपल्याला कृष्णराजसागर आठवतं. त्याची रंगीत तालीम आपल्याकडे झाली होती.

धरणाच्या पायथ्याशी १९१६ साली सुरू झालेली जलसंशोधन संस्था येऊन स्थिरावली. धरणाचं पाणी उताराने आपोआप मिळतं, त्यामुळे नद्यांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यात ते खेळवायचं. काठावर लष्करी अधिकारी घडवणारी एनडीए आली. सगळं कसं शांत, शिस्तीत चाललं होतं.

[पडदा काळा. फक्त पावसाचा आवाज.]

१२ जुलै १९६१.

वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधून होत होतं. काम पुरं व्हायच्या आधीच त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट, दरवाजे नीट हलेनात आणि मोरीवरचा भराव खचू लागला. रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं.

ते सगळं पाणी खडकवासल्यावर आलं.

आजचे आकडे घ्या, म्हणजे अंदाज येईल. पानशेतची साठवण साडेदहा टीएमसीच्या, म्हणजे अब्ज घनफुटांच्या, पुढे. खडकवासल्याची दोन टीएमसीसुद्धा नाही. पाणी भिंतीच्या माथ्यावरून उसळू लागलं. चुन्यातली ऐंशी वर्षांची भिंत, तिच्या बांधणाऱ्यांनी असलं ओझं स्वप्नातही धरलं नसेल. तरी ती काही तास उभी राहिली. दुपारी तीही फुटली.

नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. लकडी पूल बुडाला. वाडे मातीचे, भिजले आणि बसले. माणसं पर्वतीवर, टेकड्यांवर, जिथे उंच दिसेल तिथे पळाली. हे दिवसाउजेडी घडलं आणि मधल्या त्या काही तासांत अनेकांना घर सोडता आलं, नाहीतर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

आपण ‘पानशेतचा पूर’ म्हणतो. ‘पानशेत फुटलं’ म्हणतो. बरोबरच आहे, मूळ कारण तिथेच होतं. पण त्या दिवशी दोन धरणं फुटली, आणि दुसऱ्याचं नाव बोलण्यात येत नाही. दोष नव्हता म्हणून नाव नाही, असंही असेल. मला मात्र ते खटकतं.

[जुन्या वाड्याच्या भिंतीवर पुराच्या पातळीची खूण.]

पुढचे दिवस आणखी विचित्र. शहरभर पाण्याने धुमाकूळ घातलेला आणि नळाला थेंब नाही, कारण तलावच रिकामा. वाड्यांतल्या विसरलेल्या विहिरींवर पुन्हा रहाट फिरू लागले. पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं आज पत्त्यात लिहिताना पूर कुणाच्या मनात येत नाही.

खडकवासल्याची भिंत परत बांधली, नवे दरवाजे बसले. पानशेतही पुन्हा उभं राहिलं. नंतर वरसगाव आणि टेमघर आलं. चौघांत सगळ्यात लहान खडकवासला. पण वरच्या तिघांचं पाणी इथूनच पुढे जातं. इथून कालव्यात, नाहीतर नदीत.

[जुलै. दरवाजांतून फेसाळ पाणी.]

दर पावसाळ्यात बातमी येते : खडकवासला भरलं, विसर्ग वाढवला, नदीपात्रात उतरू नका. दोन-तीन तासांत पाणी शहरात पोचतं. नदीपात्रातल्या बुटक्या भिडे पुलाच्या दोन्ही तोंडांना पोलीस अडथळे लावतात. नदीपात्रातल्या गाड्या घाईघाईने वर निघतात. वरच्या उंच झेड ब्रिजच्या कठड्याला माणसांची रांग लागते, कुणी मोबाईल धरलेला, कुणी पोराला खांद्यावर घेतलेलं.

पाणी तपकिरी असतं. भिडे पुलाचे कठडे अजून दिसत असतात.

[दृश्य तसंच राहू द्यावं. निवेदन समाप्त.]