फाल्मथ : कळीच्या चुन्यावर उभे असलेले बंदर

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरील ट्रेलॉनी परगण्याचे हे मुख्य ठिकाण, फाल्मथ. १७६९ मध्ये स्थापन झालेल्या या बंदराचे काटकोनात छेदणारे सरळ रस्ते मूळ आखणीतलेच आहेत. मळ्यांतील साखर आणि रम येथून इंग्लंडला रवाना होत असे, आणि ते मळे कसण्यासाठी आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसे याच बंदरात उतरवली जात. हा गावातला मुख्य चौक, वॉटर स्क्वेअर. मार्था ब्रे नदीचे पाणी नळाने शहरात आणण्यासाठी १७९९ मध्येच येथे कंपनी स्थापन झाली होती.

आता गावातले हे जुने घर जवळून पाहावे. तळमजला दगडविटांचा, वरचा मजला लाकडी आणि रस्त्याच्या बाजूला खांबांवर पुढे आलेला, त्यामुळे खालून चालणाऱ्याला सावली मिळते. तिरप्या पट्ट्यांच्या झडपा ऊन अडवतात, वारा मात्र आत सोडतात. अशी भिंत सिमेंटने लिंपली की ओल आतच कोंडते आणि दगडांमधला जुना चुना भुसभुशीत होऊ लागतो. म्हणून कळीचा चुना, म्हणजे भाजलेली चुनखडी, पाण्यात विरवून, मुरवून, वाळूत कालवून त्याचाच थर द्यावा लागतो. या कामाला वेळ लागतो, एवढ्याच कारणासाठी ते टाळले जाते, हे पटण्यासारखे नाही. फाल्मथ हेरिटेज रिन्यूअल या संस्थेने हे गवंडीकाम आणि जुन्या पद्धतीचे सुतारकाम स्थानिक तरुणांना शिकवले.

एवढ्या जुन्या इमारती टिकल्या त्या गावाच्या पडत्या काळामुळे. साखरेचा व्यापार खालावला, मोठ्या आगबोटींना हे बंदर अपुरे पडू लागले, रेल्वेही इकडे फिरकली नाही. साहजिकच जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा कोणाच्या हाती खेळला नाही.

बॅप्टिस्ट धर्मोपदेशक विल्यम निब यांचे हे चर्च. ३१ जुलै १८३८ च्या मध्यरात्री गुलामगिरीतून पूर्ण मुक्ती मिळाली, तेव्हा येथे जमलेल्या लोकांनी बेड्या, चाबूक आणि लोखंडी गळपट्टा शवपेटीत घालून पुरला. चर्चमधील या संगमरवरी शिल्पपटावर तोच प्रसंग कोरलेला आहे.

प्रवासी जहाजांचा हा नवा धक्का २०११ मध्ये सुरू झाला. त्यासाठी समुद्रतळ खोदला गेला, प्रवाळ उचलून दुसरीकडे हलवण्यात आले, आणि उतरणारे पुष्कळ पर्यटक आजही बसमध्ये बसून थेट गावाबाहेर जातात. धक्क्यापासून वॉटर स्क्वेअर पायी जाण्याइतकाच लांब आहे.