छोटा नागपूर आणि आपलं नागपूर

मंडळी, ‘धर्माची चळवळ राजकारणात का उतरते’ हा विषय वाचून बहुतेकांना अमेरिका आठवली असणार. तिथूनच सुरुवात करतो, पण फार रेंगाळणार नाही.

१९७१ साली तिथल्या सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी ठराव केला होता, की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शरीराला किंवा मनाला धोका, अशा वेळी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. होय, त्यांनीच! पुढे आठच वर्षांत बॅप्टिस्ट पाद्री जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही गर्भपाताला विरोध करणारी राजकीय संघटना काढली आणि १९८० मध्ये ती अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रेगनच्या मागे उभी राहिली. मधल्या काळात काय घडलं? गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, असं सगळे सांगतात. काही इतिहासकार मात्र शाळांकडे बोट दाखवतात. वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थांची करसवलत सरकार काढू लागलं होतं. बॉब जोन्स विद्यापीठाची १९७६ मध्ये गेली, आणि १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टातही ते हरलं. मला हे म्हणणं बरंचसं पटतं. धर्माची चळवळ राजकारणात का उतरली हे शोधायचं, तर प्रवचनाआधी तिच्या हिशेबाच्या वह्या बघाव्यात.

आता आपल्याकडे. छोटा नागपूर म्हणजे आपल्या नागपूरचं धाकटं भावंड नव्हे, तो रांचीकडचा मुलूख. तिथे १८८५ साली कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचे बेल्जियन जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) पाद्री आले. आदिवासींची खरी अडचण त्यांनी चटकन ओळखली. जमीनदार, बेठबिगार आणि कोर्टातले खटले. लिव्हन्स जमिनीचे कायदे शिकले आणि कोर्टकज्ज्यांत आदिवासींच्या पाठीशी राहिले. हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. त्यात श्रद्धा किती आणि सातबारा किती, हे मोजायला तराजू नाही. त्यांच्यामागून आलेले जेझुइट पाद्री हॉफमन तर १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याच्या घडणीतच होते. आदिवासींच्या जमिनी बाहेरच्यांच्या हाती जाऊ नयेत, यासाठी त्या कायद्याचा आधार आजही घेतला जातो.

याच मुलखातल्या मिशनच्या जगात वाढलेले जयपालसिंह मुंडा. १९२८ च्या ऑलिंपिकमधल्या हॉकी संघाचे कप्तान, ऑक्सफर्डला शिकलेले, पुढे संविधान सभेत. त्यांच्या झारखंड पार्टीने १९५२ मध्ये बिहार विधानसभेत ३२ जागा जिंकल्या. हा काही चर्चचा पक्ष नव्हता, बिगरख्रिस्ती आदिवासीही त्यात होते. पण वेगळ्या राज्याची मागणी आणि तीही मिशनच्या मुलखातून, म्हटल्यावर सरकारांच्या मनात पाल चुकचुकली.

इथे आपलं नागपूर येतं. तेव्हा आपण मध्य प्रदेशची राजधानी होतो. जशपूर, सरगुजा हे आजच्या झारखंडला लागून असलेले भाग इथूनच चालत. १९५४ मध्ये सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी नेमली. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ चा तो अहवाल धर्मांतराबद्दलचा म्हणूनच ओळखला जातो. पण वाचताना झारखंडच्या मागणीची धास्ती लपत नाही. दवाखान्यासारख्या सेवांचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने थांबवावा, अशी त्यांची शिफारस होती. १९६८ मध्ये मध्य प्रदेशने धर्मांतरावर बंधनं घालणारा कायदा केला, तोवर आपण महाराष्ट्रात आलो होतो. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला: धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही. आज राज्याराज्यांत जे धर्मांतरविरोधी कायदे होत आहेत, त्यांचे वकील हाच निकाल काढून दाखवतात.

आणि झारखंड पार्टी? १९६३ मध्ये ती काँग्रेसमध्ये विलीन झाली. राज्य मिळायला २००० साल उजाडलं.

जाता जाता नियोगींबद्दल एक. अहवाल आला त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. त्या सोहळ्यात धर्म बदलणाऱ्यांमध्ये एक नाव न्यायमूर्ती नियोगी यांचंही होतं.