दोन दारांची न्हाणी

नमस्कार, श्रोते हो.

आर्किटेक्टच्या छोट्या ऑफिसात रोज काय चालतं, यावर बोला, असं मला सांगितलंय. आमचं ऑफिस फोंड्याला, बाजारात, पहिल्या मजल्यावर. मी, एक ड्राफ्ट्समन, कॉलेजातून शिकायला आलेली एखादी मुलगी, आणि एक प्रिंटर. हा प्रिंटर जून ते सप्टेंबर दमट कागद घेत नाही. एवढाच आमचा संसार.

लोकांना वाटतं, इथे दिवसभर सुंदर सुंदर घरांची चित्रं निघत असतील. निघतात की. पण चित्र काढणं हे आमच्या दिवसातलं सगळ्यात थोडं काम. बाकीचा दिवस उतारे, सह्या, साइट, गवंडी, मेस्त म्हणजे सुतार, आणि "मॅडम, चतुर्थीपूर्वी होईल ना?" या प्रश्नात जातो. गोव्यात कुठलंही बांधकाम कधीही सुरू करा, मार्चमध्ये करा नाहीतर जुलैत, ते संपवायचं असतं चतुर्थीपूर्वीच. लग्नाचा मुहूर्त पुढे ढकलता येईल, गणपती थोडाच ढकलता येतो!

मी या धंद्यात आले तेव्हा ट्रेसिंग पेपर होता, शाईचं पेन होतं, आणि चुकलेली रेघ ब्लेडने हळूहळू खरवडून काढायची असायची. प्रिंट अमोनियाच्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. आता सगळं संगणकावर. रेघ एका बटणात जाते. त्यामुळे काम सोपं झालं असं म्हणतात. माझ्या मते फक्त बदल करून मागणं सोपं झालं.

पण एक गोष्ट तेव्हाही तशीच होती आणि आजही तशीच आहे. नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही. यात कुणाचा कमीपणा नाही. नकाशा म्हणजे छप्पर उचलून वरून पाहिलेलं घर, आणि आपल्या घरावरून कोण उडत असतं? माणूस घरात चालतो, वाकतो, हातात कळशी घेऊन वळतो. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि आज तुम्हालाही सांगते: घर कागदावर पाहू नका, चालून पाहा. बांधायच्या आधी चालून पाहा.

हल्ली त्यावर तोडगा म्हणून थ्रीडी चित्र आलंय. ते मला फारसं आवडत नाही, आता सांगूनच टाकते. त्या चित्रात कायम संध्याकाळ असते, माड एका बाजूला झुकलेला असतो आणि पाऊस कधीच पडत नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, म्हणजे जवळपास दहा फूट पाणी, आणि चित्रात एक छत्री नाही! घर पाहायचं असेल तर चित्रातलं नको, खरंखुरं पाहा. पणजीला कांपालला चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी आहे. तिथे नाटकाला जाता तेव्हा अर्धा तास आधी जा. रस्त्यावरून आत शिरा आणि मांडवीपर्यंत चालत जा. कुठे ऊन लागतं, कुठे वारा येतो, बाहेरून आत आपण नेमके कधी आलो, हे पायांना कळतं. असो. मी भलतीकडे चालले.

तर ती न्हाणीची गोष्ट.

फोंडा महालातलंच एक गाव. नाव घेत नाही, घेतलं तर ऐकणारे निम्मे लोक घर ओळखतील. जुनं चौसोपी घर. मधे राजांगण, चहूबाजूंनी वसरी, जांभ्याच्या चिऱ्यांच्या हातभर जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे तुळशीवृंदावन. घराचे दोन भाग. एका भागात ऐंशीच्या घरातली आजी, तिचा मास्तर मुलगा आणि सून. दुसऱ्या भागात आजीचे धाकटे दीर आणि जाऊ. त्यांना आपण काका आणि काकू म्हणू. आजीच्या यजमानांच्या हयातीतच एका कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, वाटणीवरून बोलणं तुटलेलं. यजमान गेले तरी अबोला राहिला. गणपती मात्र एकच, एकाच चौकात. दीड दिवस सगळे एकत्र आरती करायचे, आणि "काकांना प्रसाद द्या" हे काका समोर बसलेले असताना तिसऱ्यालाच सांगायचं.

अडचण अशी की, संडास परसात. आजी वॉकर धरून चालणारी. पावसात रात्री परसात जायचं म्हणजे मास्तरांनी एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आई धरायची. तेव्हा घराला लागून कमोडसकट न्हाणी बांधायची, एवढंच काम. आर्किटेक्टच्या भाषेत सहा बाय आठ फुटांचं काम. पण मी सांगते, दहा बंगल्यांचं डोकं अशा एका न्हाणीला लागतं.

मी नकाशा काढून नेला. मास्तरांनी मान डोलावली. आजीने कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, आणि परत दिला. म्हणाली, "बाये, तू शिकलेली, तू म्हणशील तसं." हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. म्हणजे तिला काही कळलेलं नाही आणि नंतर ती जन्मभर कुरकुरणार!

मग मी गवंड्याला म्हटलं, फक्की आण. त्याने गुण्या लावून, दोरी ताणून, मागच्या अंगणात चुन्याच्या फक्कीने ती न्हाणी होती त्या मापाची आखली. भिंतीच्या जागी चार-चार चिरे ठेवले, कमोडच्या जागी प्लास्टिकची खुर्ची. दार म्हणून शिकाऊ मुलीला उभं केलं. हात पसरून ती दारासारखी आत-बाहेर फिरत होती. आणि आजीला म्हटलं, आता जा आत.

आजी वॉकर टेकत निघाली. दारात पोचली, दार आत उघडलं, आणि वॉकर अडकला. तिथल्या तिथे ठरलं, दार बाहेर उघडायचं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार पडलेल्या माणसालाच अडतं, हे तुम्हीही लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसांच्या न्हाणीचं दार बाहेर उघडावं. दाराची वाट 90 सेंटीमीटर मोकळी हवी आणि आत चाकाची खुर्ची वळायला दीड मीटर जागा. आज खुर्ची नसेल, उद्या लागेल.

मग आजी खुर्चीवर बसली. आजूबाजूला बघितलं. समोरच्या भिंतीकडे बोट केलं आणि विचारलं, "हिच्या पलीकडे काय?"

मास्तर गप्प. पलीकडे देवघर.

"देवाच्या पाठीला मोरी? मी मेले तरी चालेल, परसात जाईन."

आता फोनवरून दिशा सांगणाऱ्या वास्तुवाल्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचं ऐकतही नाही. आजीचं ऐकलं. कारण देवावर तिची श्रद्धा होतीच, पण पुढे ती जे म्हणाली ते कुठल्याही इंजिनियरने म्हटलं असतं: चिऱ्याची भिंत ओल पिते, पलीकडे देवाचं लाकडी मखर आहे, त्याला वाळवी लागेल. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवा लागून कडक होतो, पण पाणी प्यायचं काही तो सोडत नाही.

झालं. न्हाणी सरकवायची. कुठे सरकणार? एकच जागा उरली, मागच्या वसरीचं टोक. आणि तिथली भिंत दोन्ही घरांची सामाईक, म्हणजे काकांची सही लागणार.

हे सगळं चाललं असताना काका आपल्या बाजूच्या वसरीत पेपर वाचत होते. पेपर उलगडलेला, पण पान काही उलटत नव्हतं. फक्कीची रेघ त्यांच्या भिंतीकडे सरकली तसे ते उठले आणि मला म्हणाले, मास्तरांना नव्हे, मला, "बाय, उदक खंय वतलें?"

पाणी कुठे जाणार. अगदी मुद्द्याचा प्रश्न! मी सांगितलं, वर स्लॅब नाही, आहे त्याच कौलांचा उतार पुढे वाढवणार, पागोळ्या तुमच्या अंगाला पडणार नाहीत. शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब. काकांनी शिकाऊ मुलीकडून फक्की मागून घेतली आणि शोषखड्डा आणखी लांब आखला. मी म्हटलं, चालेल. मग ते म्हणाले, "तरी मी सही देणार नाही." आणि पेपर उचलला.

इथे एक कायद्याची गोष्ट. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली रीत आहे, वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची, निम्मी निम्मी. म्हणून इथे एक सही मागायला गेलं की दोन मागाव्या लागतात. काकांची आणि काकूंची. मी काकूंकडे वळले. त्या इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. म्हटलं, "काकू, तुमचीही सही लागेल."

काकूंनी पदराला हात पुसले, चिऱ्यांवरून पाय उचलून सरळ फक्कीच्या न्हाणीत शिरल्या, आणि सामाईक भिंतीच्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "इथे एक दार द्या. मी सही देते."

कुणी काही बोलेना.

"ह्यांचे गुडघे काय चांगले आहेत?" काकू म्हणाल्या. "परवा पावसात परसात घसरले, ते कुणाला सांगितलं का?"

काकांनी पेपर तोंडासमोर धरला. आजी अजून त्या प्लास्टिकच्या खुर्चीवरच बसलेली होती. ती हसू लागली. सामाईक भिंतीला दार देण्याचं तिने एका शब्दात मान्य केलं आणि आठवड्याच्या आत सगळ्या सह्या माझ्या टेबलावर आल्या. मास्तरांच्या बायकोची सही मी मुद्दाम मागून घेतली.

तर न्हाणी झाली, दोन दारांची. एक दार आजीकडे, एक काकांकडे. आता अशा न्हाणीची गंमत ऐका. आत गेलेल्या माणसाने दोन्ही दारांना आतून कड्या लावायच्या. बाहेर पडताना आपलं दार तर उघडणारच, पण पलीकडच्या दाराची कडीही आठवणीने काढायची. नाही काढली, तर पलीकडचा माणूस बाहेरच. आणि आजीचं वय असं, कडी काढायला ती विसरायचीच. पहिले काही दिवस काकांनी वाट बघितली. काकूंना पाठवलं. काकू मास्तरांच्या बायकोला हाक मारायच्या, ती येऊन कडी काढायची. मग एके दिवशी घरात बाकी कुणीच नव्हतं. काकू देवळात, मास्तर शाळेत, त्यांची बायको बाजारात. आणि काकांना घाई. मला हे स्वतः आजीने सांगितलं, माझ्या ऑफिसात फोन करून. कुळागराच्या भांडणानंतर दिराने तिला उद्देशून काढलेले पहिले शब्द होते, "वयनी, कडी काड गो!"

आता हल्ली कडी राहिली की काका पलीकडून ओरडतात, ती इकडून ओरडते, "येतां रे, येतां!" कुळागराचा दावा अजून कोर्टात आहे. त्याचा न्हाणीशी संबंध नाही.

बघा, अर्धा वेळ यातच गेला. ऑफिसचं काम सांगायचं राहिलंच. जे परवान्यांसाठी अडलेत त्यांच्यासाठी भरभर सांगते. नवीन घर बांधायचं असेल तर आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा कागद, आणि सर्व्हे प्लॅन काढा. उताऱ्यावर आजोबांचं नाव अजून असेल तर आर्किटेक्टकडे येण्यापूर्वी वकिलाकडे जा. जमीन शेतीची असेल तर घरासाठी सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करून घेतल्याचा कागद, लागते. मग नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा दाखला, आणि शेवटी पंचायतीचा परवाना. पंचायतीची बैठक पंधरवड्याला असते, म्हणून अर्ज एका बैठकीत चुकला की दुसरीची वाट बघावी लागते. पुन्हा सांगते: उतारा, सर्व्हे प्लॅन, सनद, नगर नियोजन, आरोग्य केंद्र, पंचायत. दुरुस्तीचा परवाना वेगळा असतो. एवढीशी तर दुरुस्ती, म्हणून तो न घेता काम काढू नका.

सपाट स्लॅबबद्दल माझं मत विचारू नका. आधी स्लॅब घालायचा, काही पावसांत तो गळू लागायचा, मग त्यावर पत्रा चढवायचा, आणि पत्र्यावर पाऊस वाजतो म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचा. फोंड्याहून पणजीला जाताना बसच्या खिडकीतून बघा, किती घरांनी अशी दोन-दोन छपरं घेतली आहेत. आपल्या पूर्वजांनी एकच छप्पर उतरतं केलं होतं आणि पाऊस ऐकत ते झोपत होते.

आणि स्लॅब घालणारच असाल, तर माझं एक ऐका. हॉलमध्ये गणपती कुठे बसणार ते आधी ठरवा, आणि त्याच्या वर माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीसाठी, हूक हवेत ते सळई बांधतानाच गवंड्याला सांगा. नारळ, सुपारीचे घड, तोरिंजनं, केळीचा घड, माटोळीचं वजन काय कमी असतं? दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मला कुणाचा तरी फोन येतोच, मॅडम, स्लॅबला भोक पाडलं तर चालेल का? काँक्रीट ओतायच्या आधी सांगा. ओतल्यावर नको.

वेळ संपली. नमस्कार.