छाटणीचं लाकूड

(दृश्य: देवगड तालुक्यातली हापूसची बाग. आधी कुऱ्हाडीचा आवाज, मग माणूस.)

पाऊस सरला की जुन्या कलमांची छाटणी निघते. एकमेकींत शिरलेल्या उंच फांद्या उतरवल्या की आत ऊन पोचतं. दापोलीचं कृषी विद्यापीठ जुन्या बागांसाठी हेच सांगत आलंय. सकाळी फांद्या खाली, दुपारी टेम्पो हजर. बहुतेक लाकूड जळण म्हणून मिळेल त्या भावात जातं.

बागेतल्या या मांगरात, म्हणजे शेतघरात, मात्र थोडं थांबतं, मांस धुरवण्यासाठी.

(दृश्य: पडवी. पाचर, घण, फुटणारा ओंडका. हे संथ गतीत.)

हे गेल्या वर्षीचं लाकूड. दिवाळीच्या सुमाराला फोडलं, उन्हाळाभर वाळवलं, आगोटीला आत घेतलं. साल आधीच सोललेली. आंब्याचा चीक अंगावर उठतो, तो धुरात कशाला हवा?

मामी दोन ढलप्या एकमेकींवर आपटतात. खणखणीत वाजल्या तर घ्यायच्या, बद्द वाजल्या तर पुन्हा उन्हात. ओलं लाकूड चुलीत रडतं. टोकाला फेस येतो, पाणी सुरसुरतं, आणि जाड पांढऱ्या धुराचं कडू पुट मांसावर बसतं. लाकडात वीसेक टक्के ओल उरली, की ते नीट धुमसतं.

(दृश्य: पत्र्याचं पिंप. झाकणाच्या फटीतून धूर.)

हा धूर बघा. पातळ, निळसर. असाच हवा.

लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन तापून तुटतं, तेव्हा ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल तयार होतात. धुरावलेल्या मांसाचा वास मुख्यतः त्यांचा. पाइनसारख्या लाकडात राळ असते, म्हणून ते नको. आणि हापूसच्या लाकडाच्या धुराला हापूसचा वास येतो, असं पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं जातं. येत नाही. धूर सौम्य असतो, इतकंच. कोंबडीला तो पुरतो. मिठाच्या पाण्यात रात्रभर मुरलेला हा कोंबडा ११० अंशांच्या आसपास तीनेक तास राहील.

अमेरिकेत हिकरी, ओक, मेस्किट वापरतात. त्यांच्या ढलप्या पाकिटातून आपल्याकडेही येतात, किलोच्या भावानं. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचीच भावंडं. ती पाकिटं आम्ही चित्रित केली नाहीत.

(दृश्य: करवंट्यांचा ढीग. मग काजूच्या टरफलांचं पोतं.)

निखाऱ्याला करवंटी चांगली, आच धरून ठेवते. काजूचं टरफल मात्र चुकूनही नको. त्यातल्या तेलानं हाताला फोड येतात, धूर काळा निघतो. काजऱ्याचं झाड विषारी, तेही बाजूला. रंग दिलेली फळी, प्लायवूड, जुन्या होडीचा तुकडा, यांतलं काही या पडवीत शिरत नाही.

(दृश्य: भरतीची खाडी. कांदळवन, वरून.)

जगात काही किनाऱ्यांवर मासे धुरवायला कांदळवनाचंच लाकूड तोडतात. पश्चिम आफ्रिकेत तर सर्रास. इथं तिवर, चिपी, कांदळ उभे आहेत. त्यांच्यातल्याच गेव्याच्या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होतं, त्यामुळे त्याच्या वाटेला तसंही कोणी जात नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली कांदळवनाच्या तोडीला बंदी घातली. बागेत एवढं लाकूड पडलेलं असताना खाडीत कोयता न्यायचं कारणही नाही.

धुरावलेलं मांस रोजच्या ताटातलं नव्हे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं, आणि धुरावणं त्या प्रक्रियांत येतं.

(दृश्य: संध्याकाळ. मामी पिंपाचं झाकण उचलतात.)

आणखी एक ढलपी. शेवटची.

(निवेदन इथं थांबतं. धूर, कोंबड्याची तांबूस कातडी, पडवीतली मुलं. मागे टेम्पो सुरू होण्याचा आवाज.)