नऊने सुरू होणारा नंबर

(दृश्य: शिकागो, 26वा रस्ता. अजून उजाडलेलं नाही. झाकलेल्या पातेल्याच्या कडेने वाफ येते आहे.)

लिटल व्हिलेज ही शिकागोतली मेक्सिकन वस्ती. पहाटे कोपऱ्यावर तमालेची गाडी लागते. मक्याच्या पिठात सारण भरायचं, कणसाच्या सालपटात गुंडाळायचं आणि वाफवायचं. आपल्या पातोळ्या आठवाव्यात, तसंच. बांधकामावर, कारखान्यात निघालेली माणसं दोन-तीन घेतात, रोख पैसे देतात आणि बस पकडतात.

दहा वाजता दुकानं उघडतात. मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे, बूट, भांडी. यातलं काहीही घ्या, बिलावर दहा टक्क्यांहून जास्त विक्रीकर चढतो. शिकागोत अभिमानाने सांगतात, की मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरच्या उंची दुकानांखालोखाल विक्रीकर जमतो तो या रस्त्यावर. हा कर कुणाचे रहिवासाचे कागद बघत नाही. ज्याचा सगळा पगार महिन्याच्या खर्चात संपतो, त्याच्या मिळकतीतला मोठा वाटा मात्र तो घेऊन जातो.

(दृश्य: गाडीमागची बाई वहीत आकडे मांडते आहे. फक्त हात दिसतात.)

समजा, मका, मांस, गॅस असा सगळा खर्च वजा जाता अशा गाडीवर वर्षाला 30 हजार डॉलर उरले. नोकरदाराच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा) यांसाठी 7.65 टक्के कापले जातात, तेवढीच भर मालक घालतो. इथे मालकही तीच आणि कामगारही तीच, म्हणून दोन्ही वाटे तिचेच: 15.3 टक्के. नियमाप्रमाणे नफ्याच्या 92.35 टक्क्यांवर हा दर लावला, की आकडा येतो सुमारे 4,240 डॉलर. आयकर लागला तर तो याच्या वर. आणि हे पैसे वर्षअखेरीस एकदम नाही, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी अशा चार हप्त्यांत, अंदाजाने भरायचे. हप्ता राहिला की दंड.

2017च्या करकायद्याने मोठ्या कंपन्यांचा दर 35 टक्क्यांवरून 21वर आणला. छोट्या धंद्यांनाही नफ्याच्या 20 टक्क्यांपर्यंत वजावट दिली. पण ही वजावट आयकरापुरती. त्या 15.3 टक्क्यांना ती हात लावत नाही. कमी मिळकतीवर आयकरच मुळात थोडा, त्यामुळे वाचतं तेही थोडंच. अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, लोकांच्या बहुतेक धंद्यांत पगारी माणूस एकही नाही. घरातलीच माणसं राबतात. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ही गाडी होती, असं मला वाटत नाही.

2020च्या साथीत सरकारने छोट्या धंद्यांना माफ होणारी कर्जं दिली. एकट्याने धंदा करणाऱ्यांची रक्कम ठरली विवरणपत्रातल्या निव्वळ नफ्यावरून. ज्यांनी इमानाने सगळे खर्च दाखवले होते, त्यांचा नफा कागदावर नगण्य, म्हणून कर्जही नगण्य. हा नियम बदलला मार्च 2021मध्ये. तोवर कितीतरी गाळ्यांची शटरं खाली आली होती.

(दृश्य: टेबलावर एक फॉर्म, नंबर मागायचा अर्ज. वर लिहिलंय डब्ल्यू-7.)

आता शीर्षकातल्या त्या नंबराकडे येऊ. अमेरिकेत राहणाऱ्या दर पाच लॅटिनोंपैकी साधारण चार जण अमेरिकन नागरिक आहेत. पण घरं मिश्र असतात. मुलं इथे जन्मलेली, आईकडे कागद आहेत, वडिलांकडे नाहीत. ज्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी आयआरएसने, म्हणजे तिथल्या करखात्याने, 1996मध्ये वेगळा नंबर काढला: आयटीआयएन. नऊ आकडी, आणि पहिला आकडाही नऊच.

हा नंबर पुण्या-मुंबईहून गेलेल्या कितीतरी घरांच्या ओळखीचा आहे. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको जोडीदारासाठीच्या एच-4वर, तिला बहुतेकदा कामाची परवानगी नाही. जोडीने विवरणपत्र भरायचं तर तिच्या नावापुढे हाच नंबर लागतो.

सरकारला पैसे घेताना हा नंबर चालतो. आयटीईपी या करसंशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे कागदपत्रांविना राहणाऱ्या लोकांनी 2022मध्ये 96.7 अब्ज डॉलर कर भरला. त्यातले 25.7 अब्ज सोशल सिक्युरिटीत गेले, म्हणजे अशा पेन्शनच्या खात्यात, जिथून त्यांना म्हातारपणी काहीच मिळणार नाही.

देताना मात्र दुसरा, सोशल सिक्युरिटीचा नंबर मागितला जातो. राबणाऱ्या गरीब कुटुंबांना दर वर्षी हजारो डॉलर परत देणारी सवलत 1996पासून या नंबरवाल्यांना बंद आहे. 2018पासून मुलाकडेच सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तर त्याच्या नावची पूर्ण सवलतही गेली. मार्च 2020मध्ये दर प्रौढामागे 1,200 डॉलरपर्यंतची मदत जाहीर झाली, तेव्हा जोडीने विवरणपत्र भरणाऱ्यांपैकी एकाचा नंबर आयटीआयएन असला, तरी दोघांनाही काही नाही. शिकागोत जन्मलेली, मेक्सिकन नवऱ्याची अमेरिकन बायकोही वगळली गेली आणि न्यू जर्सीतलं मराठी जोडपंही. सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या जोडीदाराचा हक्क मान्य झाला तो डिसेंबरच्या कायद्यात.

2021 हे एकच वर्ष वेगळं गेलं. मुलामागे 3,000 डॉलर, सहा वर्षांखालच्या मुलाला 3,600, आणि जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट हप्ता. कर लागू नसला तरीही. जनगणना विभागाच्या पूरक मोजणीत लॅटिनो मुलांमधली गरिबी त्या वर्षी 8.4 टक्क्यांवर आली. योजना संपली, आणि 2022मध्ये तोच आकडा 19.5 झाला. मला हे दोन आकडे शेजारी ठेवून पुढे जाता येत नाही. तीच मुलं, तेच आईबाप, तेवढीच मेहनत. बदलले ते मुख्यतः कायद्यातले नियम.

(दृश्य: पैसे पाठवायचं काउंटर. काचेवर मेक्सिको, ग्वातेमाला, होंडुरासचे झेंडे.)

4 जुलै 2025ला नवा कायदा झाला. मुलामागची सवलत 2,200 डॉलर झाली, पण आईवडिलांपैकी एकाकडे तरी सोशल सिक्युरिटी नंबर हवा. म्हणजे मूल अमेरिकन नागरिक असूनही दोन्ही पालक आयटीआयएनवाले असतील, तर ही सवलत नाही. परदेशी पैसे पाठवण्यावर 1 टक्का कर आला, 1 जानेवारी 2026पासून. त्याची चर्चा आपल्याकडेही झाली होती. पण बँक खात्यातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही; लागतो रोखीवर आणि मनीऑर्डरवर. या काउंटरसमोरच्या रांगेवर.

इलिनॉय राज्याने मात्र 2023पासून राबणाऱ्या गरीब कुटुंबांसाठीची आपली राज्यापुरती सवलत आयटीआयएनवाल्यांनाही खुली केली.

(दृश्य: मोफत करमदत केंद्र. स्वयंसेविका फॉर्म पुढे सरकवते.)

विवरणपत्रातली माहिती गुप्त राहील, हे आश्वासन अमेरिकेत 1976च्या कायद्यात पक्कं झालं होतं. त्या भरवशावर लोक या टेबलापाशी येत राहिले. एप्रिल 2025मध्ये करखात्याने स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या आइस या यंत्रणेशी माहिती देण्याचा करार केला आणि ऑगस्टमध्ये सुमारे 47 हजार जणांचे पत्ते तिच्या हाती दिले. प्रकरण न्यायालयात गेलं.

इथे समोर बसलेला माणूस नाव लिहितो. जन्मतारीख लिहितो. मग पत्त्याची ओळ येते, आणि तो पेन खाली ठेवून विचारतो, "हे लिहावंच लागतं का?"