बर्फाने बुडवलेला सामना

नमस्कार श्रोतेहो. आज जूनमधल्या बर्फाबद्दल बोलायचंय. उसाच्या रसातला नव्हे, आभाळातून पडलेला. तारीख 2 जून 1975, वार सोमवार, देश इंग्लंड, गाव बक्स्टन. तारीख पुन्हा सांगतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की मी जानेवारी म्हणायच्या ऐवजी चुकून जून म्हणालो. 2 जून. आपल्याकडे वळवाच्या सरी पडून गेलेल्या असतात, शाळेच्या वह्यांना कव्हरं घालायची लगबग असते, आणि सगळे मान वर करून मोसमी पावसाची वाट बघतात, तो दिवस.

पंचांगाच्या हिशेबाने तिकडे अजून वसंतच, कारण उन्हाळा 21 जूनच्या आसपास सुरू होतो. हवामानवाले मात्र 1 जूनपासूनच उन्हाळा धरतात. म्हणजे त्यांच्या वहीत उन्हाळ्याचा दुसराच दिवस, आणि मैदानावर इंचभर बर्फ.

मला ही गोष्ट कळली तेव्हा मी सहावीत होतो. गिरगावातल्या चाळीत आमचे अण्णामामा राहायचे. मामांना दोन व्यसनं, क्रिकेटचे आकडे आणि पाऊस. गच्चीत त्यांनी पर्जन्यमापक ठेवला होता, आणि रोज सकाळी साडेआठला, म्हणजे आपलं हवामान खातं ज्या वेळेला नोंद घेतं त्याच वेळेला, ते पट्टेरी पायजम्यात वर जाऊन मोजपात्र डोळ्यांसमोर धरायचे. पाऊस नसला तरी जायचे. शून्य ही पण नोंद असते, असं म्हणायचे. हे मला आजही पटतं. आपल्याकडे लोक पाऊस पडला की व्हिडिओ काढतात, न पडलेला दिवस कुणी लिहून ठेवत नाही. मग दुष्काळ कधी सुरू झाला ते कुणालाच सांगता येत नाही. असो.

तर त्या जूनमधल्या मंगळवारी मामा इंग्रजी पेपर घेऊन गॅलरीत आले आणि मोठ्याने म्हणाले, बर्फामुळे खेळ नाही! डर्बीशायर विरुद्ध लँकेशायर, बर्फामुळे एकही चेंडू पडला नाही! शेजारचे दोघेतिघे हसायला लागले. एकाचं म्हणणं, छापखान्याची चूक असणार, पाऊस लिहायचं ते बर्फ लिहिलं. दुसरे म्हणाले, अहो अण्णा, तिकडेसुद्धा जूनमध्ये लोक टोप्या घालून मॅच बघतात, बर्फ कुठला? पैज लागली. कोपऱ्यावरच्या हॉटेलातली मिसळ, आणि वर चहा.

आता सामना काय होता ते नीट सांगतो. डर्बीशायर आणि लँकेशायर या इंग्लंडमधल्या काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे प्रांत, आणि हा त्यांच्या संघांमधला तीन दिवसांचा सामना. आजच्या बोलण्यातला हाच भाग मला सगळ्यात आवडतो, तेव्हा घाई करणार नाही.

शनिवार, 31 मे. ऊन पडलेलं. लँकेशायरची फलंदाजी. क्लाइव्ह लॉइड, तोच तो वेस्ट इंडीजचा, जाड भिंगांचा चष्मा आणि त्याहून जड बॅट. लॉइड नाबाद 167. फ्रँक हेज 104. लँकेशायरने 5 बाद 477 वर डाव घोषित केला. संध्याकाळी डर्बीशायरची सुरुवात झाली आणि दिवसअखेर त्यांचे 2 बाद 25. लक्षात ठेवा, 2 बाद 25. पुढे हा आकडा लागणार आहे.

त्या काळी लँकेशायरचा यष्टिरक्षक होता आपला फरोख इंजिनीअर, मुंबईचा. चाळीत लँकेशायरचा स्कोअर वाचला जायचा तो याच कारणाने. काउंटीचं नाव धड उच्चारता येत नसे, पण फरोखचा संघ म्हटलं की सगळ्यांना कळे.

रविवारी या सामन्याला सुट्टी. आणि सोमवारी खेळाडू मैदानावर आले तर सगळं पांढरं. बक्स्टनचं मैदान गावातल्या पार्कात, भोवती झाडं. झाडांना जूनची कोवळी हिरवी पानं आणि त्या पानांवर बर्फ. पंच होते डिकी बर्ड. हे बर्ड यॉर्कशायरचे. अंधूक उजेड, ओलं मैदान, पाऊस यांनी त्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. पंच म्हणून उभे राहिले की आभाळाने तोंड वाकडं केलंच म्हणून समजा. पण पाऊस वेगळा आणि हे वेगळं. त्या दिवशी खेळ झाला नाही. एकही चेंडू नाही. आणि बर्फ काही एकट्या बक्स्टनला पडला नव्हता. दूर दक्षिणेला, थेट लंडनपर्यंत हिमाची भुरभुर दिसली. पण जमिनीवर थर साचून खेळ बुडाला तो इथे.

मंगळवारी ऊन. बर्फ वितळला. आता इथे एक गोष्ट लागते. त्या काळी काउंटी क्रिकेटमध्ये सामना सुरू झाला की खेळपट्टी आजच्यासारखी पूर्ण झाकून ठेवत नसत. पडेल ते पाणी खेळपट्टीने प्यायचं. आणि भिजलेली खेळपट्टी उन्हात सुकायला लागली की तिच्यासारखी खोडसाळ वस्तू नाही. एक चेंडू घोट्यावर, पुढचा हनुवटीवर. मला विचाराल तर ही झाकाझाकी सुरू झाली तेव्हाच क्रिकेटमधून हवामान हद्दपार झालं, आणि सगळे सामने एकाच साच्यातले वाटायला लागले. आमच्या निर्मात्यांचं मत वेगळं आहे, ते काचेपलीकडून मान हलवताहेत. पण माईक माझ्यासमोर आहे.

तर डर्बीशायर 2 बाद 25 वरून पुढे खेळायला लागले आणि सर्वबाद 42. म्हणजे आठ गडी सतरा धावांत. पुन्हा सांगतो, आठ गडी, सतरा धावा. फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा त्यांचीच फलंदाजी. दुसऱ्या डावात सर्वबाद 87. लँकेशायर एक डाव आणि 348 धावांनी विजयी. शनिवारी त्याच खेळपट्टीवर जवळजवळ पाचशे धावा झाल्या होत्या, बरं का.

याच पडझडीत डर्बीशायरचा ॲशली हार्वे-वॉकर फलंदाजीला आला. थेट यष्टीकडे न जाता तो आधी बर्ड यांच्याकडे गेला, आणि रुमालात गुंडाळलेली एक पुरचुंडी त्यांच्या हातात ठेवली. सांभाळा म्हणाला, मला काही फार वेळ लागणार नाही. बर्डनी रुमाल उघडून पाहिला तर आत कवळी! खेळपट्टीवरचा उसळता चेंडू तोंडावर बसला तर दात तरी वाचावेत, हा हिशेब. आणि वेळ खरंच लागला नाही. बर्ड हा किस्सा पुढे आयुष्यभर सांगत राहिले. 2025 च्या सप्टेंबरात ते गेले, तेव्हाही लोकांना ही कवळी आठवली. आमच्या मामांनी चाळीत हा किस्सा इतक्या वेळा सांगितला की एका आजोबांनी आपली कवळी काढून प्रात्यक्षिकही करून दाखवलं. ते वर्णन रेडिओवर नको.

बरं, आता थोडं हवामानाचं, कारण हे भाषण त्यासाठी ठेवलंय असं कार्यक्रमपत्रिकेत छापलंय.

जूनमध्ये बर्फ पडतो कसा? थोडक्यात सांगतो. त्या दिवशी वारा उत्तरेकडून, आर्क्टिकच्या बाजूने थेट खाली येत होता. तिकडच्या पावसाळी ढगांत वरच्या थंडीत बऱ्याचदा आधी बर्फाच्या पाकळ्याच तयार होतात. उन्हाळ्यातसुद्धा. खाली येताना त्या वितळतात आणि आपण त्याला पाऊस म्हणतो. म्हणजे प्रश्न असा विचारायला हवा की तो वाटेत वितळला का नाही?

घरी पॉटमधलं आइस्क्रीम केलं असेल तर उत्तर तुमच्या हाताला माहीत आहे. बर्फ वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. आणि माठ का गार राहतो तेही तुम्हाला सांगायला नको, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आभाळात दोन्ही एकदम होतं. पाकळ्या पडतायत, थोड्या वितळतायत, थोडं पाणी हवेत उडतंय, आणि दर मिनिटाला खालची हवा गार होतेय. पडण्याचा जोर टिकला तर ही गार हवा सरकत सरकत जमिनीला टेकते. मागून येणाऱ्या पाकळ्यांना मग वितळायला ऊबच शिल्लक राहत नाही. पहिल्यांदा पडणारे गेले वितळून, मागच्यांची सोय झाली.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. बर्फ पडायला आधी जमीन गोठलेली असावी लागत नाही. वरची हवा थंड लागते आणि पडण्याला जोर लागतो. पुन्हा एकदा, वरची हवा आणि जोर. जमीन ऊबदार असली तर तो टिकत नाही, एवढंच. म्हणून तर तो मंगळवारी गेला.

शिवाय बक्स्टन उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटर. आपल्या पुण्याच्या जवळजवळ निम्मं. तुम्ही म्हणाल, ही काय उंची? पण शंभर मीटरला अर्धा-पाऊण अंश उतरतो, आणि पाऊस की बर्फ हा निकाल अशा वेळी एकदोन अंशांतच लागतो.

आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये गारपीट होते तेव्हा शेतात पांढरा थर दिसतो आणि बातम्यांत लगेच अमुक तालुक्याचं काश्मीर झालं म्हणून सांगतात. मला या वाक्याचा फार राग आहे. द्राक्षबाग झोपलेली असते आणि यांना काश्मीर दिसतं! गार आणि हिम या वेगळ्या जाती. गार जन्मते तापलेल्या दिवसाच्या उंच गडगडाटी ढगात, वर-खाली हेलकावे खात थरावर थर चढवून टणक होते, आणि पत्र्यावर ताशा वाजवते. हिम येतं निमूट. रात्री पडलं तर सकाळी कळतं. मे महिन्यात चारधामला जाऊन आलेल्यांना विचारा, केदारनाथला सकाळी दार उघडल्यावर काय दिसलं ते.

या बर्फाची नोंद ठेवणारी हौशी मंडळी इंग्लंडमध्ये गावोगाव आहेत. जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थांनी 1860 मध्ये पावसाच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली. त्यांना आकडे पाठवणारे पाद्री, डॉक्टर, जमीनदार, शाळामास्तर. परसात पर्जन्यमापक आणि झडपांची पांढरी लाकडी पेटी. पेटीत तापमापक. त्या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती तयार करणारे थॉमस स्टीव्हन्सन मूळचे दीपगृहं बांधणारे इंजिनीअर. आपल्या हवामान केंद्रांवरही तीच पेटी दिसते. पुण्यात शिमला ऑफिसच्या चौकातून जाता ना? 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते शिमला ऑफिस. बर्फाच्या गावाचं नाव आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो.

हे हौशी लोक बर्फ मोजतात पट्टीने. साधी शाळेतली पट्टी. वाऱ्याने ढीग झालेली जागा सोडून तीनचार ठिकाणी खोचायची आणि सरासरी काढायची. मग पर्जन्यमापकातला बर्फ वितळवून पाणी मोजायचं. ढोबळ हिशेब असा की दहा सेंटिमीटर भुसभुशीत बर्फाचं एक सेंटिमीटर पाणी होतं. जूनमधला ओला बर्फ असेल तर पाणी जास्त. आणि सकाळी नऊला त्यांच्या ग्रीनिच वेळेनुसार बघायचं, की आसपासची निम्म्याहून जास्त जमीन झाकली आहे का? झाकली असेल तर तो दिवस बर्फ साचल्याचा दिवस. निम्म्याहून कमी असेल तर नाही. बागेत मुलांनी हिमाचा बाहुला केला असला तरी नाही. उशिरा येणाऱ्या बर्फात ही मंडळी रडतात ती इथेच, कारण पहाटे पडलेला बर्फ जूनचं ऊन नऊपर्यंत ठेवत नाही. मोबाइलवर आजचं तापमान 38 पण जाणवतं 43 असलं काहीतरी वाचून उसासे टाकणाऱ्यांनी एकदा या लोकांची वही बघावी. तिथे जाणवतं असा रकानाच नसतो.

वेळ संपत आलाय, तेव्हा पुढचं पटकन. बर्फानंतर पाच दिवसांनी, 7 जूनला, लॉर्ड्सवर पुरुषांचा पहिला क्रिकेट विश्वचषक सुरू झाला, तोही चांगल्या उन्हात. त्याच दिवशी आपल्या सुनील गावसकरांनी साठ षटकं उभं राहून नाबाद 36 केल्या. त्यावर आमच्या चाळीत झालेली चर्चा मी इथे सांगत नाही, गावसकर आमचे दैवत आहेत. आणि 21 जूनला अंतिम सामन्यात क्लाइव्ह लॉइडने 102 काढल्या. पंच पुन्हा डिकी बर्ड. तीन आठवड्यांपूर्वी यांच्याच हातात कवळी होती.

मिसळीचं राहिलं. मामा पैज जिंकले, पण पैसे काही मिळाले नाहीत. शेजाऱ्यांचं म्हणणं असं, की पेपरात आलं ते ठीक आहे, पण बर्फ तुम्ही कुठे पाहिलात? मग मामांनीच सगळ्यांना मिसळ दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन वहीत लिहिलं, शून्य.

नमस्कार.