भाडेकरूसकट घर घेताना

नमस्कार श्रोतेहो.

भाडेकरू राहत असलेलं घर घ्यायचं ठरलं, की आपण भिंती ठोकून बघतो, ओल शोधतो, भाडं किती येतं ते विचारतो. आत राहणाऱ्या माणसाशी मात्र बोलत नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्याच्याशी बोलल्याशिवाय इसाराचा एक पैसाही देऊ नका.

जुन्या रोमन कायद्यात घर विकलं गेलं, की नवा मालक भाडेकरूला बाहेर काढू शकत असे. आज बऱ्याच देशांत उलट आहे. जर्मनीच्या नागरी संहितेतल्या कलम 566 चं शीर्षकच मुळी 'खरेदीने भाडेकरार मोडत नाही' असं आहे. म्हणजे जुन्या मालकाने जे कबूल केलं, ते निभावण्याची जबाबदारी आता तुमची.

माझ्या मावसबहिणीबरोबर मी असं एक घर बघायला गेले होते. विकणाऱ्याच्या कागदावर अनामत होती दोन महिन्यांच्या भाड्याइतकी. आम्ही भाडेकरू आजोबांना सहज विचारलं. ते उठले, कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढली आणि एका पावतीच्या घड्या अलगद उलगडल्या. सहा महिन्यांची रक्कम, खाली मालकाची सही! शिवाय नळाची दुरुस्ती आजोबांनी करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, असं तोंडी ठरलेलं. घर सोडताना आजोबांनी ती अनामत आमच्याकडेच मागितली असती. बहिणीने पूर्ण अनामत किमतीतून वजा करून घेतली.

तेव्हा भाडं, ते कुठवर भरलंय, अनामत, मुदत आणि तोंडी ठरलेल्या गोष्टी असं सगळं लिहून भाडेकरूची सही घ्या. भाडं खरंच जमा होतं का, ते बँकेच्या नोंदींत तपासा. खरेदीखत झालं, की पुढचं भाडं कुणाला द्यायचं याचं पत्र दोन्ही मालकांच्या सहीने त्याच दिवशी द्या. आणि घर स्वतःला राहायला हवं असेल, तर 'नंतर खाली करून देतो' या शब्दावर अजिबात जाऊ नका. रिकामा ताबा मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

पावतीची घडी घालता घालता आजोबांनी विचारलं होतं, "आम्हाला राहू द्याल ना?" करारात चौदा महिने उरले होते. तेवढे तर नक्की, असं बहिणीने तिथंच सांगितलं, आणि खरेदीनंतरच्या पत्रात तसं लिहूनही दिलं.